एका दिवसाचा महाराजा

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन गोष्टी अगदी न चुकता घडतात. चकलीचा पहिला घाणा बिघडतो आणि माळा साफ करण्याचे काम माझ्या गळ्यात पडते. पहिल्या गोष्टीबद्दल बोलण्याची मला परवानगी नाही. तेव्हा दुसरीबद्दलच सांगतो.

यंदा माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. वडिलांची. वडील नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढीत. ट्रंकेत नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, बोथट पेन्सिली होत्या आणि एक जाड वही होती. "ही वही रद्दीत टाकू का?" मी वरूनच विचारले. खालून उत्तर आले, "आधी वाचून तर पाहा. मामंजींचं अक्षर तुमच्यापेक्षा पुष्कळ बरं होतं."

झाले! माळा अर्धा राहिला आणि मी वही घेऊन गॅलरीत बसलो.

वहीतली पंधरा-वीस पाने एकाच माणसाविषयी होती. पॅट्रिक गेडिस. लहानपणी हे नाव मी वडिलांच्या तोंडून ऐकले होते. कुठल्याशा रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी घरे पाडायची निघाली की वडील जेवता जेवता म्हणत, "गेडिस असता तर दोन घरं हलवून काम भागवलं असतं." आई म्हणे, "तुम्ही आधी आमटी संपवा." त्यापलीकडे माझा आणि गेडिससाहेबांचा परिचय नव्हता.

पहिले पान वाचतो आहे तोच मावशी आल्या. मावशी म्हणजे आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात त्या. त्यांची वेळ नऊची, आल्या साडेदहाला. सौभाग्यवतींनी विचारले, "आज पाणी उशिरा आलं वाटतं?"

"पाणी यायला आधी नळ पायजे ना, वहिनी," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

मावशींची वस्ती आमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीला लागूनच आहे. भिंतीच्या अलीकडे आमचा नळ, पलीकडे त्यांचा हंडा. पलीकडच्या चाळीतला एक गृहस्थ आपल्या नळाला पाइप लावून पाणी विकतो. त्यासाठी पहाटे चारला रांग लागते. सणाच्या दिवसांत पाहुणे येतात, पाणी जास्त लागते आणि रांगही वाढते. मावशी हे सगळे भांडी घासता घासता सांगत होत्या. आमचा नळ सुरूच होता. मी मान वहीत घातली. का घातली, ते पुढे सांगेन. आधी गेडिससाहेबांची गोष्ट.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमधल्या बॅलटर या गावी झाला. शिक्षण जीवशास्त्राचे, तेही हक्स्लेसारख्या गुरूच्या हाताखाली. सगळे सरळ चालले असते तर हा मनुष्य आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला असता. पण १८७९ साली मेक्सिकोच्या प्रवासात त्यांची दृष्टी गेली. कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पट्ट्या बांधून काढावे लागले. दृष्टी परत आली, तरी तासन्‌तास सूक्ष्मदर्शक वापरण्याचा जोर डोळ्यांत राहिला नाही. मग बारीक जिवांवरून त्यांची नजर मोठ्या जिवाकडे वळली. तो मोठा जीव म्हणजे शहर. झाडाला जशी मुळे, तशी शहरालाही असतात; झाड हलवायचे तर मुळांची माती सांभाळावी लागते, हे वनस्पतीच्या प्राध्यापकाला शिकवावे लागत नाही.

१८८६ साली त्यांचे लग्न झाले. प्राध्यापक मंडळी लग्नानंतर चांगल्या वस्तीत बिऱ्हाड शोधतात. या जोडप्याने एडिंबरोच्या जुन्या भागातली कळकट, दाटीवाटीची इमारत निवडली आणि तिथे राहायला गेले. शेजाऱ्यांना उपदेश केला नाही. चुन्याची बादली आणि कुंचला घेतला, आपले घर रंगवले, मग अंगणे साफ केली, मोकळ्या तुकड्यांत बागा लावल्या. शेजारी आधी पाहत राहिले, मग हाताला हात लावू लागले. शहर सुधारायचे तर आधी तिथे राहावे आणि राहणाऱ्यांच्या बरोबरीने सुधारावे, हा त्यांचा पहिला धडा. तो धडा त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

१९१४ साली मद्रासच्या गव्हर्नरने त्यांना हिंदुस्थानात बोलावले. नगररचनेचे त्यांचे एक मोठे प्रदर्शन होते. जगभरच्या शहरांचे नकाशे आणि चित्रे त्यात होती. ते ज्या बोटीतून येत होते ती बोट एम्डन या जर्मन युद्धनौकेने बुडवली. वर्षानुवर्षांची मेहनत समुद्राच्या तळाला गेली. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. मित्रांनी विलायतेत धावपळ करून नवे साहित्य जमवले आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलेसुद्धा!

त्यानंतरची दहाएक वर्षे हा दाढीवाला म्हातारा हिंदुस्थानातली गावे पालथी घालत हिंडला. गावी गेला की कचेरीत बसून फायली मागवणे नाही. हातात नकाशा घ्यायचा आणि गल्लीबोळ चालत सुटायचे. विहिरीपाशी थांबायचे, पारावर बसायचे, कुणाच्या परसात सांडपाणी तुंबते ते पाहायचे. त्या काळची इंजिनियर मंडळी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढीत. रेघेखाली जी घरे येतील ती पाडायची, की झाला रुंद रस्ता! गेडिस विचारीत, त्या घरांतली माणसे कुठे गेली? उत्तर उघड होते. ती पुढच्या गल्लीत गेली आणि तिथली दाटी दुप्पट झाली. म्हणून त्यांनी दुसरा उपाय सुचवला. पडके घर तेवढे काढावे, त्या जागी लहानसे अंगण करावे, एक झाड लावावे, विहीर उपसावी, गटार वाहते करावे. कुशल वैद्य अंग शाबूत ठेवून गळू कापतो, त्यातली ही रीत. नकाशावर ती दिमाखदार दिसत नाही. पण गल्ली मोकळा श्वास घेऊ लागते, खर्च कमी लागतो आणि गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर शाबूत राहते.

पाण्याबद्दल तर त्यांची मते त्या काळच्या तज्ज्ञांना फारच विचित्र वाटली असतील. १९११ साली मुंबईतल्या हिवतापाची चौकशी झाली आणि डासांवर उपाय म्हणून विहिरी बंद करण्याची, तळी बुजवण्याची लाट आली. मुंबईकरांनी आपल्या बसथांब्यांची नावे एकदा म्हणून पाहावीत. धोबी तलाव, खारा तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी. नावे उरली, पाणी गेले. १९१५ साली गेडिस यांनी मुंबई इलाख्यातल्या काही गावांवर अहवाल लिहिला, त्यात ठाणे होते. तळी बुजवू नका, स्वच्छ करा, त्यांत मासे आणि बदके सोडा, डासांचे ते पाहून घेतील, असे त्यांचे म्हणणे. नळाची व्यवस्था कितीही चांगली असली तरी ती कधी ना कधी बिघडतेच. जुन्या विहिरी म्हणजे गावाने पिढ्यान्‌पिढ्या उतरवून ठेवलेला विमा आहे, तो मोडून खाऊ नये, हा त्यांचा मुद्दा. आज ठाण्याला आपण कौतुकाने तलावांचे शहर म्हणतो. उरलेल्या तळ्यांकडे पाहताना या म्हाताऱ्याची आठवण काढायला हरकत नाही.

पण वहीतले जे पान वाचून मी माळा विसरलो ते इंदूरचे होते.

१९१७ साल. होळकर सरकारने गेडिस यांना इंदूरच्या सुधारणेसाठी बोलावले होते. शहरात प्लेग होता. प्लेग म्हटल्यावर मराठी घरात काय आठवते ते सांगायला नको. १८९६ साली मुंबईत साथ आली, १८९७ साली पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले आणि त्यातून जे रामायण घडले ते आपण शाळेत शिकलो. मुंबईत १८९८ साली सुधारणा ट्रस्ट निघाला आणि त्याने कितीतरी वस्त्या जमीनदोस्त केल्या. तेव्हा साहेब नकाशा घेऊन दारात आला की घर गेले, अशी लोकांची समजूत झाली होती आणि ती काही अगदी खोटी नव्हती.

गेडिस यांनीच पुढे सांगितलेली हकिगत अशी. इंदूरच्या गल्ल्यांतून ते हिंडत असताना लोक त्यांच्याकडे बोट दाखवून भेदरल्यासारखे काहीतरी पुटपुटत. त्यांनी सोबतच्या माणसाला विचारले, हे काय म्हणतात? सोबती आधी सांगेचना. शेवटी म्हणाला, प्लेग घेऊन येणारा म्हातारा साहेब तो हाच, असे म्हणतात.

दुसरा असता तर रागावला असता, किंवा बरोबर पोलीस घेऊन हिंडला असता. गेडिस दरबारात गेले आणि म्हणाले, मला एका दिवसापुरते महाराज करा! दिवाळी जवळ आली होती. दिवाळीची मिरवणूक कशी काढायची ते त्यांना ठरवायचे होते. दरबारने त्यांना मोकळा हात दिला.

मग शहरात दवंडी फिरली. यंदाची मिरवणूक हिंदूंच्या नेहमीच्या वाटेने जाणार नाही, मुसलमानांच्या नेहमीच्या वाटेनेही जाणार नाही. ज्या गल्ल्यांतली जास्तीत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून स्वच्छ झालेली असतील त्या गल्ल्यांतून ती जाईल. घरातला केरकचरा सरकारी गाड्या फुकट उचलून नेतील.

पुढे काय झाले असेल ते तुम्हीच ओळखा. आपल्या गल्लीतून हत्ती जावा असे कुणाला वाटत नाही? ज्या गल्लीत वर्षानुवर्षे कोणी मोठा माणूस फिरकला नव्हता, तिथेही कुंचले चालू लागले. गेडिस यांच्या सांगण्याप्रमाणे घराघरांतून आणि अंगणांतून सहा हजारांवर गाड्या कचरा निघाला. हजारो उंदीर पकडले गेले. हुकूम नाही, दंड नाही, शिपाई नाही.

मिरवणुकीच्या दिवशी आधी हत्ती, घोडे, उंट आणि वाजंत्री निघाली. मग आली दुःखाची चित्रे. पडक्या घरांचे देखावे, रोगराईचे राक्षस, घाणीचा रावण, आणि त्यांच्यामागे प्लेगचा भला थोरला उंदीर, अंगावर थरथरणाऱ्या पिसवांसकट. त्यानंतर थोडी जागा मोकळी सोडली होती. आणि मग सनईचे सूर बदलले. शहरातले झाडूवाले पुढे आले. पांढरे स्वच्छ कपडे घातलेले, गळ्यात हार. त्यांच्या गाड्या धुऊन रंगवलेल्या, बैलांची शिंगे रंगवलेली. प्रत्येकाच्या डोक्यावर नवे पागोटे होते आणि त्याच रंगाचे पागोटे त्या दिवशी नगराध्यक्षाच्या, अधिकाऱ्यांच्या आणि स्वतः गेडिस यांच्या डोक्यावर होते. शहराची चाकरी करणारे सगळे एका रंगाचे! त्यामागे गवंडी, सुतार, कुंभार, नव्या घरांचे आणि वाचनालयाचे नमुने आले. शेवटी बागवानांच्या गाड्या आल्या आणि तुळशीची रोपे वाटली गेली. रात्री रावण जळला, उंदीर जळला, आतषबाजी झाली.

त्यानंतर प्लेग ओसरला. लोक म्हणाले, साहेबाने घालवला. साहेब म्हणाले, त्याचा हंगाम तसाही संपतच आला होता! श्रेय नाकारणारा अधिकारी म्हणून एवढ्यावरच त्यांचा पुतळा उभारायला हरकत नव्हती. पण लोकांच्या नजरेतली भीती मात्र गेली. मग त्यांना दारे उघडली, अंगणे दाखवली, विहिरी दाखवल्या. १९१८ साली त्यांचा इंदूरवरचा अहवाल दोन खंडांत छापून निघाला. नदीकाठ कसा राखावा, सांडपाण्याच्या खर्चिक योजनेऐवजी काय करावे, बागा कुठे असाव्यात, कामकऱ्यांची घरे कशी असावीत, इथपासून विद्यापीठ कसे असावे इथपर्यंत सगळे त्यात आहे. ज्या होळकरांच्या अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या, त्यांच्या शहरात हे घडावे हेही योग्यच.

या ठिकाणी वडिलांनी समासात बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचून मी थबकलो. त्याच १९१७ च्या एप्रिलात गेडिस यांचा थोरला मुलगा फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला होता. पत्नी तेव्हा इथेच हिंदुस्थानात आजारी होत्या. त्यांना ही बातमी सोसवणार नाही म्हणून गेडिस यांनी ती सांगितलीच नाही. जूनमध्ये त्याही गेल्या. चुन्याची बादली घेऊन जिच्याबरोबर संसार सुरू केला ती बायको आणि हाताशी आलेला मुलगा, दोघे अवघ्या दोन महिन्यांत गेले. आणि दिवाळीला हा त्रेसष्ट वर्षांचा माणूस परक्या शहरातल्या परक्या माणसांच्या अंगणांत दिवे लागावेत म्हणून धडपडत होता. ज्या वर्षी घरात असे दुःख घडते त्या वर्षी आपण आकाशकंदीलसुद्धा लावीत नाही.

१९१९ साली ते मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे विद्यार्थी. त्यांनीच पुढे तो विभाग नावारूपाला आणला. गेडिस दाढीतल्या दाढीत बोलत, त्यामुळे निम्मे व्याख्यान श्रोत्यांपर्यंत पोचतच नसे, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या कितीतरी योजना कागदावरच राहिल्या. १९२४ साली ते हिंदुस्थानातून गेले आणि १९३२ साली फ्रान्समध्ये मोंपेल्ये इथे वारले.

आता एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर ही हकिगत पुराणातल्या गोष्टीसारखी गोड होऊन बसेल. झाडूवाल्याला एक दिवस पागोटे मिळाले. दुसऱ्या दिवशी? त्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले होते का? इंदूरच्या मिरवणुकीनंतर दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, ते ओंजळभर पाण्यासाठी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे कागदोपत्री जाहीरही केले होते. तरी पाणी प्याल्याबद्दल लोकांनी मार खाल्ला. त्यावर खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. एका दिवसाचा महाराजा सन्मान देऊ शकतो. पाण्याचा हक्क मात्र ज्याचा त्यालाच उभे राहून मागावा लागला.

इंदूरचेच पाहा ना. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात या शहराने वर्षानुवर्षे पहिला नंबर सोडला नाही. गेडिससाहेबांना आनंद झाला असता. पण २०२५ च्या डिसेंबर अखेरीस त्याच इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. कितीतरी माणसे आजारी पडली, काहींचे प्राण गेले. रस्ता झाडलेला होता. नळात काय येते ते रस्त्यावरून दिसत नाही. ते ज्याच्या घरात नळ आहे त्यालाच कळते, आणि त्याने तक्रार केली तर ती ऐकणारा कोणी असावा लागतो.

मुंबईचे पाणी तर शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरून येते. तानसा, वैतरणा, भातसा. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी वाहत येते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. आणि ज्या शहराला ते येते, तिथे भिंतीपलीकडची वस्ती पहाटे चारला रांग लावते. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर स्पष्ट सांगितले की घर अनधिकृत असले तरी त्यातल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. जगण्याच्या हक्कातच पाण्याचा हक्क आला. २०२२ साली महापालिकेने सर्वांसाठी पाणी असे धोरणही जाहीर केले. कायदा आला, धोरण आले. मग नळ का आला नाही?

आता मान वहीत का घातली ते सांगण्याची वेळ आली.

गेल्या वर्षी मावशींच्या वस्तीतल्या लोकांनी नळाचा अर्ज केला होता. जवळची वाट आमच्या आवारातून. कुंपणालगत चाळीसएक फूट पाइप जमिनीखालून न्यायचा, एवढेच. कचेरीत त्यांना सांगितले, सोसायटीचे ना हरकत पत्र आणा. अर्ज आमच्या सभेत आला आणि दहा मिनिटांत निकालात निघाला. आवारात नुकत्याच नव्या फरश्या बसवल्या होत्या. कोणी म्हणाले, आज पाइप मागतात, उद्या रस्ता मागतील. कोणी म्हणाले, पाणी मिळाले की वस्ती कायमची होईल. जणू काही पाण्यावाचून ती उठून जाणार होती! चिटणीस या नात्याने नकाराचे पत्र मी लिहिले. "सबब, संस्था परवानगी देण्यास असमर्थ आहे." पत्र फार छान उतरल्याबद्दल अध्यक्षांनी माझे कौतुकही केले होते. घरी येऊन मी पोटभर जेवलो होतो.

वही मिटून मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. म्हटले, "मावशी, तो नळाचा अर्ज गेल्या वर्षी तुमच्याच वस्तीचा होता ना?"

मावशींनी हात थांबवले नाहीत. म्हणाल्या, "व्हय. पत्र आलं तवा माझ्याच पोरीनं समद्यांना वाचून दाखवलं. खाली नाव तुमचं व्हतं. पोरगी म्हणली, आई, भाषा लई साफ हाय."

त्यानंतरही वर्षभर त्या रोज आमची भांडी घासत होत्या. आमच्या नळाखाली.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढच्या रविवारी मी सोसायटीची सभा बोलावली. विषय एकच. मी गेडिस यांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी विचारले, "हे गेडिस कोण? बिल्डर का?" मी गोष्ट आवरती घेतली आणि सरळ सांगितले की गेल्या वर्षीचे पत्र माझ्या हातचे आहे आणि ते मला परत घ्यायचे आहे. बरीच वादावादी झाली. फरश्या पुन्हा निघाल्या. शेजारच्या अण्णांचे वय ब्याऐंशी. ते कधी सभेत बोलत नाहीत. ते उठले आणि म्हणाले, "चाळीत होतो तेव्हा आमच्या आईनं पहाटे उठून वीस वर्षं पाणी भरलं. तिचे खांदे वाकडे झाले होते. फरशी काढून पुन्हा बसवता येते." एवढे बोलून ते बसले. हात वर झाले. बाजूने चौदा, विरुद्ध अकरा. ना हरकत पत्र त्याच संध्याकाळी लिहिले. यंदा त्यात 'सबब' घातला नाही.

पत्र मी स्वतः मावशींच्या हाती दिले. त्यांनी ते डोळे भरून वाचले असेल, मला धन्यवाद दिले असतील, असे तुम्हाला वाटत असेल तर तसे काही झाले नाही. त्यांनी घडी घालून ते कमरेच्या पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता नळाला पाणी आलं, की मग बोलू."

हेच खरे. पत्राने तहान भागत नाही. अर्ज पुन्हा गेला आहे, कचेरीतल्या फेऱ्या चालू आहेत, दोनदा मीही बरोबर जाऊन आलो. या दिवाळीत तरी रांग चुकलेली नाही.

वाचकहो, दिवाळीत आपण घराचा कानाकोपरा झाडतो, माळे झाडतो, कपाटे झाडतो. जमले तर यंदा आपापल्या सोसायटीचे दप्तरही एकदा झाडून पाहा. त्यात असे एखादे सुंदर भाषेतले पत्र निघाले, तर ते रद्दीत टाका आणि दुसरे लिहा. मिरवणूक कुठल्या गल्लीतून न्यायची, हे एका दिवसापुरते आपल्याही हातात असते.

आमचा माळा? तो अजून अर्धाच आहे. खालून हाक आलेली आहे.